हूटरमधली चिंधी

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मी रात्रपाळीला बसले होते. तिथले जुने स्क्रीन बदलून नवे बसवायचे होते, आणि त्याआधी जुन्या स्क्रीनवर माणसे काम कसे करतात ते एकदा निवांत पाहावे, एवढाच माझा हेतू होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता की पत्र्याच्या पडवीतून चालताना शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नव्हते. आत मात्र एसीची कोरडी थंडी होती, खुंटीवरच्या ओल्या रेनकोटांचा वास होता आणि उकळून काळा झालेला चहा होता. पाळीवरचे ऑपरेटर माझ्याहून वयाने बरेच मोठे, निवृत्तीला दोनएक वर्षे उरलेले. मी त्यांना भाई म्हणते आणि ते मला बाय म्हणतात. ते डाव्या हाताने पेल्यात चहा ओतत होते आणि उजव्या हाताची तर्जनी की-बोर्डवरच्या एका कळीवर टेकलेली होती. स्क्रीनच्या तळाशी लाल पट्टी लुकलुकली की तर्जनी दाबली जाई, पट्टी विझे, आणि चहाची धार जराही हलत नसे. स्क्रीनकडे त्यांची पाठच होती. काचेच्या दारात पडलेल्या लाल प्रतिबिंबावरून त्यांना कळत होते.

"भाई, आता कसला अलार्म आला होता?" मी विचारले.

"तो सदांच येता, बाय," ते म्हणाले आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की पट्टी लुकलुकते, पण हूटर वाजत नाही. म्हणजे वाजत होता, पण मुठीत धरलेल्या भुंग्यासारखा. मी स्टूलवर चढून पाहिले, तर हूटरच्या जाळीत एक चौकड्यांची चिंधी कोंबलेली होती. कुणाच्या तरी जुन्या शर्टाची पट्टी असावी. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ती इतकी नीट, कडेने एकसारखी बसवली होती की त्या कामामागची शांत बुद्धी मला दिसली. आवाज पूर्ण बंद करायचा असता तर वायर काढणे सोपे होते. त्यांना तो सोसवेल इतकाच कमी करायचा होता. मी चिंधी तशीच राहू दिली, खाली उतरले, वही उघडली आणि दर अलार्मला एक रेघ, चार उभ्या रेघांवर एक आडवी, असे मोजायला लागले. रात्री अडीचच्या सुमाराला विजेचा दाब क्षणभर घसरला, दिवे मिचमिचले, आणि त्यानंतरच्या काही मिनिटांत माझे पान भरून गेले. पहाटे मी अलार्मांची यादी काढून पाहिली. भाईंचा तो 'सदांचा' अलार्म एका टाकीची पातळी खाली गेल्याचा होता. ती टाकी कित्येक वर्षांपूर्वी लाइनमधून तोडलेली, आतून गंजलेली, तिच्या बुडात आता पावसाचे पाणीसुद्धा ठरत नव्हते. तिची पातळी खालीच असणार होती.

ती मर्यादा मीच घातली होती.

सोळा वर्षांपूर्वीची ती दुपार मला स्पष्ट आठवते. कमिशनिंगची, म्हणजे कारखाना पहिल्यांदा सुरू करण्याची घाई होती, आणि मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मापन-नियंत्रणाच्या कामात, नवीन होते. दर ट्रान्समीटरला, म्हणजे माप कळवणाऱ्या उपकरणाला, ओलांडली की अलार्म वाजेल अशा चार मर्यादा द्यायच्या होत्या: फार वर, वर, खाली, फार खाली. मी पहिल्या ओळीत नव्वद, ऐंशी, वीस आणि दहा टक्के असे आकडे भरले आणि माऊस धरून ते खालपर्यंत ओढत नेले. चहा यायच्या आत काम संपले होते. माझ्या आधीच्या पिढीला असे करताच येत नव्हते. त्यांच्या पॅनलवर दर अलार्मासाठी एक चौकोनी काचेची खिडकी लागे, तिच्यामागे दिवा, दिव्याला वायर, खिडकीवर कोरलेली अक्षरे. जागा मोजकी आणि खर्च ठरलेला, म्हणून एकेका खिडकीवरून माणसे तासभर भांडत. संगणकाने ती भांडणे संपवली. अलार्म फुकट झाला, आणि जे फुकट मिळते त्याबद्दल कुणी हुज्जत घालत नाही. मला वाटते, आमच्या धंद्यातले बरेचसे दुखणे त्या न झालेल्या भांडणांतून आले आहे.

आमचे गाव डिचोली तालुक्यात, खाणीला लागून. सुरुंग लावण्याआधी खाणीचा भोंगा होई, आणि त्याचा अर्थ एकच होता: घरात जा, गुरे उघड्यावर असतील तर आत घ्या. भोंगा रोज दुपारी ठरलेल्या वेळी होई, आणि आईने हळूहळू तिचा स्वयंपाक त्याच्याशी बांधून घेतला. भोंगा झाला की भात उतरवायचा. शेजारणीही तेच करीत. इशाऱ्याचे घड्याळ कधी झाले ते कुणालाच कळले नाही. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, तोच भोंगा अवेळी झाला. मी अंगणात होते. आई दारात आली आणि तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पलीकडच्या घरातूनही कुणीतरी घड्याळ थांबले की काय असे विचारले. आत कुणीच गेले नाही. मग जमीन हादरली, फळीवरची भांडी एकमेकांवर आपटली आणि तुळशीवर तांबडी धूळ बसली. कुणाला काही लागले नाही, पण घड्याळाकडे पाहणारा आईचा तो चेहरा माझ्या मनात राहून गेला आहे. भोंगा बिघडला नव्हता, आईचे कान चांगले होते. दोघांमध्ये जो करार होता तो मात्र रोजच्या वापराने झिजला होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, भोंगाही थांबला, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी भात करपत असे.

ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर मिलफर्ड हेवन इथे टेक्साकोची रिफायनरी होती. २४ जुलै १९९४ च्या सकाळी तिथे विजांचे वादळ झाले, प्लांट डळमळला, आणि ऑपरेटर कित्येक तास त्याला सावरू पाहत होते. दुपारी स्फोट झाला, २६ जण जखमी झाले. त्या स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांना २७५ अलार्म आले होते. म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यांतले बहुतेक अलार्म एकाच, सर्वांत वरच्या दर्जाचे होते, त्यामुळे कोणता आधी वाचायचा हे सांगणारे काहीच उरले नव्हते. पुढे १९९९ मध्ये त्याच देशात अलार्मांविषयीची एक मार्गदर्शिका निघाली आणि तिने सुमार सांगितला: एका ऑपरेटरला दीर्घकाळाच्या सरासरीने दहा मिनिटांत एकाहून जास्त अलार्म येऊ नये. मी तो आकडा महाविद्यालयात पाठ केला होता. फोंड्यातल्या त्या रात्री रेघांनी भरलेले पान हातात धरून मी तो पुन्हा आठवला, तेव्हा मात्र तो पहिल्यांदाच एका माणसाच्या सहनशक्तीचा आकडा वाटला.

मिलफर्ड हेवनच्या चौकशीत मला त्याहून अस्वस्थ करणारी एक गोष्ट आहे. तिथला एक व्हॉल्व्ह स्क्रीनवर उघडा दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद अडकलेला होता. त्याच्या उलट प्रकार अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात आधीच होऊन गेला होता. २८ मार्च १९७९, पहाटे चारची वेळ. दाब कमी करण्यासाठी एक व्हॉल्व्ह उघडला, काम झाल्यावर तो मिटायला हवा होता, आणि तो उघडाच अडकला. पॅनलवर त्याचा दिवा होता, आणि दिवा विझलेला होता. ऑपरेटरांनी त्याचा अर्थ व्हॉल्व्ह मिटला असा घेतला, आणि कुणीही तसाच घेतला असता. परंतु तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीशी जोडलेलाच नव्हता. मिटण्याचा विद्युत संदेश गेला, इतकेच तो सांगत होता. गळणारे पाणी ज्या टाकीत साचत होते तिचा मापक पॅनलच्या मागच्या बाजूला होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म पेटले, आणि नोंदी छापणारा प्रिंटर घटनांच्या मागे पडत गेला. अणुभट्टीतले पाणी असे दोन तासांहून जास्त काळ निघून जात राहिले. शेवटी जो माणूस नव्याने कामावर आला, ज्याच्या डोळ्यांवर त्या विझलेल्या दिव्याचा दोन तासांचा ठसा नव्हता, त्याने त्याच वाटेवरचा, आधीचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले. तोपर्यंत फार उशीर झाला होता; गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग शेवटी वितळला.

मी ही हकिगत प्रशिक्षणात कित्येकदा सांगितली आहे. त्या रात्री भाईंनी मला माझ्याच स्क्रीनवर ती दाखवली. त्यांना वाफेचा एक व्हॉल्व्ह उघडायचा होता. त्यांनी आज्ञा दिली, स्क्रीनवरचे चिन्ह तत्काळ हिरवे झाले, आणि भाईंनी फोन उचलून फील्डमधल्या मुलाला बाहेर पाठवले. तो मुलगा रेनकोट घालून, टॉर्च घेऊन त्या पावसात शंभरएक पावले गेला. भाई फोन कानाला धरून थांबले. "पायप हुनहुनीत जालो?" त्यांनी विचारले. मुलाने पाइपाजवळ हात नेऊन पाहिला असावा. उत्तर आले तेव्हा भाईंनी मान हलवली आणि लॉगबुकात वेळ लिहिली. मी विचारले, स्क्रीनवर हिरवा दिसतो आहे ना? ते अगदी साधेपणाने म्हणाले की तो मी सांगितले म्हणून हिरवा होतो, उघडला म्हणून नव्हे. त्या व्हॉल्व्हांना स्थिती कळवणारे लिमिट स्विच बसवायचे की नाही यावर सोळा वर्षांपूर्वी एक बैठक झाली होती, आणि खर्च वाचवण्यासाठी ते वगळले गेले होते. मी त्या बैठकीत होते. चिन्ह हिरवे करताना ते कशावरून हिरवे होणार हा प्रश्न मला पडायला हवा होता, आणि तो मी विचारला नाही. सोळा पावसाळे कुणीतरी टॉर्च घेऊन बाहेर जात होते, आणि कारखान्याच्या कोणत्याही कागदावर त्याची नोंद नव्हती.

अशा अपघातांच्या अहवालांत 'मानवी चूक' हे शब्द फार सहज येतात. मला ते वाचवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर पोटावर बसू लागली. उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटायचे, त्याऐवजी वैमानिक चाकेच मिटत होते. अल्फॉन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले, तर दोन्ही स्विच सारखे दिसणारे आणि शेजारी-शेजारी होते. त्याने चाकांच्या स्विचला रबरी चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीचा. अंधारात, थकलेल्या बोटांनाही आता कळत होते की हातात काय आहे, आणि त्या चुका थांबल्या. विमानांच्या कॉकपिटमध्ये चाकांच्या दांड्याला चाकाचीच मूठ आजही असते. मला या गोष्टीत सर्वांत मोठे वाटते ते त्याचे तिथे जाऊन बसणे. वैमानिक तेच राहिले, त्यांना कुणी नवे प्रशिक्षण दिले नाही, ताकीद दिली नाही.

श्रावण संपून चवथ झाली आणि आम्ही अलार्मांची यादी घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी कारखान्याच्या व्यवस्थापकांनी एक प्रश्न विचारला, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार करत राहिले. अलार्म काढायला त्यांची हरकत नव्हती. काढण्याच्या कागदावर सही कुणी करायची, एवढेच त्यांना हवे होते. ते वाईट गृहस्थ नाहीत. उद्या काही झाले तर चौकशीत पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार आहे, आणि अलार्म दिलेला होता, ऑपरेटरने पाहिला नाही, हे वाक्य त्यांना वाचवू शकते. यादी चाळताना मला जाणवत गेले की तिच्यातले कितीतरी अलार्म याच भीतीतून जन्मले होते. एखादी गळती झाली की एक अलार्म वाढे, ऑडिट झाले की चार वाढत. ते ऑपरेटरला काही सांगण्यासाठी घातलेले नव्हते. पुढे कधीतरी त्याच्याकडे बोट दाखवता यावे, यासाठी होते. हे मी बैठकीत बोलले तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी आम्ही दर अलार्मापुढे एक कोरा रकाना ठेवला: हा वाजल्यावर ऑपरेटरने काय करायचे? रकाना भरता आला तर अलार्म राहील, नाही तर तो साधी नोंद म्हणून यादीत जाईल. आणि दर पानावर ऑपरेटरांसकट सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या असे ठरले.

भाई दोन दिवस गप्प बसून होते. तिसऱ्या दिवशी सांडपाण्याच्या खड्ड्यातल्या पंपाचा अलार्म आला. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने वाजणारा, कुणी काहीही न करणारा; आम्ही तो न बोलता खोडायला निघालो होतो. तेव्हा भाई म्हणाले की तो वाजला की मी काही करत नाही हे खरे, पण तो वाजायचा थांबला तर मी उठतो. खड्डा भरतो, पंप लागतो, खड्डा रिकामा होतो, पुन्हा भरतो. ही सगळी ये-जा ते त्या एका कटकटीच्या आवाजातून ऐकत होते. चिंधीतून गाळून आलेला भुंग्याचा आवाज त्यांना पुरत होता. आम्ही तो खोडला असता तर त्यांचा एक कान गेला असता, आणि आमच्या आलेखांत ती सुधारणा म्हणून मोजली गेली असती. त्या खड्ड्याच्या पातळीचा चढउतार आता स्क्रीनवर एका बारीक रेषेने सतत दिसतो, करवतीच्या दात्यांसारखा, आणि दाते तुटले की लांबूनही कळते.

नवे स्क्रीन करड्या रंगाचे आहेत. चालू पंप हिरवा नाही, बंद पंप लाल नाही. सगळे करड्यावर करडे, आणि काही बिघडले तरच रंग. आकड्यांशेजारी छोटी उभी पट्टी आहे, तिच्यात नेहमीचा पट्टा थोडा गडद, आणि काटा त्या पट्ट्याच्या आत आहे की बाहेर हे वाचावे लागत नाही. टाकीत किती येते आणि किती जाते हे दोन्ही आकडे एकमेकांखाली ठेवले आहेत. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी तेलाचे घटक वेगळे करणारा एक मनोरा तासन् तास भरत राहिला, येणारा आणि जाणारा प्रवाह दोन वेगळ्या स्क्रीनवर होता, पातळीचा मापक चुकीचे दाखवत होता, आणि १५ माणसे गेली; ते दोन आकडे जवळ आणताना माझ्या मनात दुसरे काही नव्हते. लिमिट स्विचही बसले, सगळ्या व्हॉल्व्हांना नाही, पण वाफेच्या व्हॉल्व्हांना बसले. ज्यांना स्विच नाहीत त्यांच्या चिन्हाभोवती तुटक रेघ आहे: आज्ञा गेली आहे, उत्तर ठाऊक नाही. भाईंनी पहिल्या दिवशी स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "मेल्ल्याभशेन दिसता." मेल्यासारखा दिसतो. मला वाईट वाटले, आणि ते बरोबर आहेत असेही वाटले, कारण शांत स्क्रीन आणि बंद पडलेला स्क्रीन लांबून सारखेच दिसतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोतल्या एका वीज कंपनीत अलार्मांचे सॉफ्टवेअर मुकाट्याने थांबले होते. ऑपरेटरांसमोर काहीच येईना, म्हणून सगळे ठीक आहे असे त्यांनी धरले. बाहेरून फोन येत होते, पण स्क्रीन गप्प होता. दोनएक तासांत अमेरिका आणि कॅनडातली सुमारे पाच कोटी माणसे अंधारात होती. भाईंच्या त्या एका वाक्यानंतर आम्ही स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा सेकंदमोजा घातला. तो अलार्मांची यंत्रणा जिवंत आहे तोवरच पुढे सरकतो.

वैशाखात मी पुन्हा रात्रपाळीला गेले. हूटरची जाळी रिकामी होती, आणि आत धूळही नव्हती. बाहेर उकाडा, आत तीच कोरडी थंडी. मी वही काढून ठेवली होती, पण पहिल्या दोन तासांत रेघ ओढायची वेळ आली नाही. भाई खुर्चीत ताठ बसून कोपऱ्यातला सेकंदमोजा पाहत होते. मी विचारले, इतक्या शांततेत झोप येत नाही का? ते म्हणाले, "निद येना, बाय. भंय दिसता." नंतर पावणेदोनला हूटर वाजला. उघडा, मोकळा, सगळ्या खोलीभर. मी दचकले. भाईंनी चहाचा पेला खाली ठेवला, चष्मा लावला, ओळ वाचली, पुन्हा वाचली, फोन उचलून थंड पाण्याच्या पंपाकडे माणूस पाठवला, आणि मगच ती कळ दाबली.

पहाटे ते लॉगबुक काढायला ड्रॉवर उघडत होते, तेव्हा मला ती दिसली. चौकड्यांची चिंधी, धुऊन, वाळवून, चौपदरी घडी घातलेली. "टाकली नाही?" मी विचारले. भाईंनी ड्रॉवर हळूच लोटला.

"पावस येंव दी," ते म्हणाले. "मागीर पळोवया." मग पाहू.